निशाणी डावा अंगठा

घरातलं म्हातारं माणूस जातं. तेरावं होतं, पाहुणे पांगतात आणि कपाटातून एक कागद निघतो. मी पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे, वगैरे. खाली एक अंगठा, त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाच्या अक्षरात ‘निशाणी डावा अंगठा’, आणि त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्या बाईचा तो अंगठा, ती आयुष्यभर सही करत आली हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पेन्शनच्या कागदांवर तिची सही आहे, बँकेतही सहीच आहे. मृत्युपत्रावर मात्र अंगठा आहे. आणि कोणी काही बोलत नाही.

मला या न बोलण्याबद्दल लिहायचं आहे.

मृत्युपत्राचे वाद आपल्याकडे लोभी मुलाची गोष्ट म्हणून सांगितले जातात. धाकट्याने आईला फसवलं, थोरल्याने बापाचा अंगठा घेतला, पुतण्याने घर लाटलं. ऐकणारा चुकचुकतो आणि उठतो. पण एकट्याच्या लोभातून मृत्युपत्र तयार होत नाही. मजकूर लिहून देणारा कोणी तरी लागतो. दोन साक्षीदार लागतात. बहुतेकदा दाखला देणारा डॉक्टर लागतो. ज्या दिवशी हे सगळं होतं त्या दिवशी त्या घरात बाहेरची माणसं का आली, हे शेजाऱ्यांनी पाहिलेलं असतं. लोभ एकाचा असतो, बाकी सगळं मनुष्यबळ समाज पुरवतो. म्हणून मी हा आरोप त्या एका मुलावर न ठेवता आपल्या सगळ्यांवर ठेवतो आहे.

आधी कायदा काय मागतो ते पाहू, कारण तो फारच थोडं मागतो. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, वकिलाची गरज नाही. साधा कोरा कागद चालतो, कोणतीही भाषा चालते. कलम ६३ सांगतं की, लिहून ठेवणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा. ती सही होताना पाहिलेल्या, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेल्या किमान दोघांनी त्याच्या समक्ष आपापली सही करावी. एवढंच. घर, शेत, दुकान, दागिने, आयुष्यभराची कमाई एवढ्याशा विधीवर एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

दहा बाय दहाची खोली विकायची तर मुद्रांक भरा, दुय्यम निबंधकासमोर उभे राहा, फोटो काढा, बोटांचे ठसे द्या. तिथे कायद्याने माणसाच्या शब्दावर भिस्त ठेवलेली नाही. मृत्युपत्राच्या बाबतीत ठेवली, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कचेरीची पायरी चढायला लावणं क्रूरपणाचं झालं असतं. कायद्याने असं मानलं की, या देशात कोणत्याही गावात, कोणत्याही आळीत, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगणारी दोन माणसं मिळतील. यापेक्षा मोठा विश्वास कोणत्याही कायद्याने आपल्यावर टाकलेला नाही.

आणि आपण त्या विश्वासाचं काय केलं? ‘काका, जरा एक सही हवी होती.’ काका चष्मा शोधतात. ‘कुठे करू?’ ‘इथे, या फुलीवर.’ वर काय लिहिलंय ते विचारणं म्हणजे विश्वास नसल्यासारखं होईल, म्हणून विचारत नाहीत. सही झाली की चहा होतो. लिहून ठेवणारं माणूस कुठे आहे, त्याला काही बोलता येतं का, त्याने सही कधी केली, यांपैकी काहीही काकांना माहीत नसतं. तालुक्याच्या कचेरीबाहेर टायपिंगच्या टपरीवर तर साक्षीदार तिथल्या तिथे मिळतो. ज्याचं मृत्युपत्र, त्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नसतं.

जिल्हा न्यायालयात अशाच एका दाव्यात साक्षीदाराचा उलटतपास मी मागच्या बाकावर बसून ऐकला आहे. साक्षीदार निवृत्त शिक्षक होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. वकिलाने आवाज न चढवता विचारलं, ‘सही कुठे केलीत?’

‘त्यांच्या घरी.’

‘बाई तेव्हा कुठे होत्या?’

‘आतल्या खोलीत. पडून होत्या.’

‘आणि आपण?’

‘बाहेर. ओसरीवर.’

‘मधे काय होतं?’

‘मधे... दार.’

‘उघडं होतं की लोटलेलं?’

शिक्षक बराच वेळ गप्प राहिले. हात कठड्यावर होते ते त्यांनी खाली घेतले. मग म्हणाले, ‘आठवत नाही.’ न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलं, दार उघडे होते किंवा कसे ते आठवत नाही असे साक्षीदार म्हणतो. एका वाक्याची नोंद झाली आणि वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्या शिक्षकांनी कोणाचा रुपया बुडवला नसेल. त्या सहीबद्दल त्यांना काही मिळालंही नसेल. शेजारधर्म म्हणून, नाही म्हणवेना म्हणून त्यांनी सही केली. पण आतल्या खोलीत काय चाललं होतं, हे पाहण्यासाठीच कायद्याने त्यांना तिथे बोलावलं होतं. त्या बाईच्या हाताला कोणी धरलं होतं का, तिने मान हलवली की मान फिरवली, ती रडत होती का, हे जगात आणखी कोणी सांगू शकणार नव्हतं. ती तर गेलेली. तिच्या बाजूने उभं राहायला कायद्याने दोन माणसं नेमली होती आणि ती दोघं लोटलेल्या दाराच्या बाहेर चहा पीत होती. याला मी भिडस्तपणा म्हणायला तयार नाही. असहाय माणसाला सोडून जाणं असंच याचं नाव आहे.

मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर साक्षीदार हयात आणि हजर राहण्यासारखा असेल तोवर किमान एकाला बोलावावंच लागतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६८ हेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७ ही हेच सांगतं. म्हणजे ‘फुलीवर’ केलेली ती सही पुढे दहा-पंधरा वर्षांनी माणसाला पिंजऱ्यात उभं करते. तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. ‘मी पाहिलं नव्हतं’ असं खरं सांगायचं आणि ज्याने सही मागितली त्याच्याशी वैर पत्करायचं. किंवा शपथेवर खोटं बोलायचं. बहुतेक जण दुसरी वाट धरतात, आणि घरी येऊन हातपाय धुऊन देवाला दिवा लावतात. मृत्युपत्राच्या बनावटीला जुन्या दंड संहितेच्या कलम ४६७ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम ३३८ मध्ये आहे. कायदा या गुन्ह्याकडे किती गंभीरपणे पाहतो ते यावरून कळावं. समाज मात्र त्याला ‘घरगुती भानगड’ म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर जो पाया घातला तो नोव्हेंबर १९५८ मध्ये, व्यंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा या खटल्यात. निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकरांनी. म्हैसूरकडच्या लक्ष्मम्मा नावाच्या बाईंचं मृत्युपत्र होतं. ते कोर्टात घेऊन येणाऱ्याने ते तयार करण्यातही स्वतःच पुढाकार घेतला होता, आणि त्याच्या मुलांना त्यातून मोठा लाभ होणार होता. कोर्टाने ते मानलं नाही. मृत्युपत्र करणारा माणूस आपलं म्हणणं सांगायला कोर्टापुढे येऊ शकत नाही, म्हणून नुसत्या सह्या सिद्ध झाल्या की काम भागलं असं नाही. भोवतालची परिस्थिती संशयास्पद असेल तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर आहे, आणि न्यायाधीशाच्या सदसद्विवेकाची खात्री पटली पाहिजे, असं हा निकाल सांगतो. पुढे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी जसवंत कौर खटल्याच्या निकालात याच तत्त्वांची पुन्हा मांडणी केली. नोंदणी झाली म्हणून संशय आपोआप फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये पूर्णिमा देवींच्या खटल्यात सांगितलं.

आता कोर्टांनी वर्षानुवर्षं संशयास्पद म्हणून नोंदवलेल्या गोष्टी पाहा. थरथरती, ओळखू न येणारी सही. आजाराने खचलेलं मन. ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणला, त्यानेच साक्षीदार आणले, त्यानेच कागद जपून ठेवला. पोटच्या मुलीचा उल्लेखसुद्धा नाही आणि का नाही याचं कारणही नाही. आयुष्यभर सेवा केलेल्या पत्नीला राहायला एक खोलीही नाही. हे सगळं कोर्टाला पंधरा वर्षांनी, कागद चाळून, साक्षी तपासून शोधावं लागतं. आळीला ते त्याच दिवशी माहीत असतं. आजींना गेल्या वर्षापासून माणसं ओळखू येत नव्हती हे दूधवाल्यालाही ठाऊक होतं. मोठ्या मुलीला तिच्या आजारपणात भेटू दिलं जात नव्हतं हे समोरच्या बिऱ्हाडाने पाहिलं होतं. न्यायाधीश जे हुडकत बसतात ते आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं, आणि समन्स आलं की आपण म्हणतो, नसती कटकट, आपल्याला काय करायचंय दुसऱ्याच्या घरात पडून.

उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६१ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी प्रत्येक घरात मोठ्याने वाचायला हवी. फसवणुकीने किंवा जबरदस्तीने करवून घेतलेलं मृत्युपत्र रद्द, हे कोणालाही कळतं. पण माणसाला स्वतःची इच्छाच उरू नये इतका पिच्छा पुरवून करवून घेतलेलं मृत्युपत्रही रद्द आहे. कायद्याने दिलेल्या उदाहरणांत एक असं आहे की, आजारी, दुबळ्या माणसावर दुसऱ्याने दबाव आणला आणि त्याने केवळ शांतता मिळावी म्हणून मृत्युपत्र केलं, तर ते अवैध. केवळ शांतता मिळावी म्हणून! मला वाटतं, हे वाक्य आपल्या किती तरी घरांत घडतं आहे. औषधाची बाटली वेळेवर आणली जात नाही. जेवणाचं ताट आदळून ठेवलं जातं. नातवंडांना खोलीत येऊ देत नाहीत. रोज सकाळी तोच विषय निघतो. तिथे मारहाण नसते, शिवीगाळही नसते. शेवटी म्हातारी म्हणते, ‘आण बाबा तो कागद, करते सही, पण मला सुखाने चार दिवस राहू दे.’ आणि कागदावर लिहिलेलं असतं, राजीखुशीने.

डॉक्टरांविषयी थोडक्यात लिहितो. शुद्धीवर असल्याचा दाखला म्हणजे ताप-रक्तदाब नव्हे. या माणसाला आपली मालमत्ता कोणती ते समजतं का, आपली मुलं-नातवंडं कोण ते आठवतं का, या कागदाने काय होणार हे कळतं का, एवढं तपासायला घरच्यांना खोलीबाहेर काढून दहा मिनिटं बसावं लागतं. जो डॉक्टर मुलाने लिहून आणलेल्या मजकुराखाली शिक्का मारतो, तो आपल्याच रुग्णाविरुद्ध उभा राहतो. हल्ली मोबाइलवर चित्रीकरण करतात. त्यातही प्रश्न विचारणारा मुलगाच असतो आणि ‘हो म्हण ना, आई’ हा आवाज मोबाइलच्या मागून येतो.

इथवर मी खोट्या मृत्युपत्रांबद्दल बोललो. पण याची दुसरी बाजू मला अधिक शरमेची वाटते. आई जिच्याकडे राहिली, जिने तिचं केलं, त्या मुलीच्या नावाने आई समजून-उमजून घर करून ठेवते. तिचा तो हक्क आहे. तिच्या स्वतःच्या मालकीचं ती कोणालाही देऊ शकते. आई गेल्यावर मुलगे कोर्टात जातात आणि हरकत काय घेतात? आई वेडी होती. तिला काही कळत नव्हतं. ती कपडे घाण करायची. बहिणीने तिचे कान भरले. पुराव्यादाखल दवाखान्याचे कागद येतात, झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या येतात, शेजारणीला विचारलं जातं की म्हातारी एकटीच बडबडायची का. जिने यांना अंगाखांद्यावर वाढवलं तिची बुद्धी भ्रष्ट झाली होती, हे सिद्ध करण्यासाठी मुलगे वर्षानुवर्षं पैसे मोजतात. तिच्या श्राद्धाला पान वाढतात आणि पुढच्या तारखेला तिला वेडी ठरवायला जातात. आणि नातेवाईक त्या दोन्ही ठिकाणी हजर असतात. जो समाज मुलांना हे करू देतो, त्यांच्या लग्नकार्यांना पूर्वीसारखाच जातो, त्यांना मानाने पहिल्या पंगतीला बसवतो, त्याने आईच्या महतीबद्दल बोलणं आता थांबवावं.

आणि मुलीचं नाव निघालंच आहे तर मूळ दुखण्यापाशी येऊ. माझी ठाम समजूत आहे की, आपल्याकडे मृत्युपत्रांचे जे वाद होतात त्यांतल्या फार मोठ्या भागाचं बीज एकाच गोष्टीत आहे: मुलीला द्यायचं नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. हिंदू संहितेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर झिजले आणि ती रखडवली गेली म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपदावरून बाहेर पडले, त्याच प्रयत्नाचं हे उशिरा आलेलं, कापलेलं फळ. या कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस केलं. पण त्याच कायद्याच्या कलम ३० ने एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने कोणालाही देण्याची मुभा पुरुषाला दिली. आधीच्या हिंदू कायद्यात असं करता येत नव्हतं. एका हाताने मुलीला जे दिलं ते काढून घेण्याचं साधन दुसऱ्या हाताने बापाला दिलं गेलं. आणि मुलीचा हक्क जसजसा पक्का होत गेला, तसतसं ते साधन बापाच्या जास्त कामाला आलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार, केलं, तेही २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. देशभरासाठी २००५ मध्ये दुरुस्ती झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्माने आहे. २००५ मध्ये बाप जिवंत होता की नव्हता याने फरक पडत नाही. कायद्याने दार उघडलं आणि घरांनी मागच्या खोलीत कागद तयार करायला घेतले.

जिथे मृत्युपत्र नाही तिथे हक्कसोड आहे. भाऊबीजेला बहीण येते. ओवाळणं होतं, साडीचोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोटारसायकलवरून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं जातं. ‘नुसती सही आहे, ताई.’ तिने विचारलं तर माहेर तुटतं. वहिनी फोन उचलत नाही, भाचीच्या लग्नाची पत्रिका येत नाही. म्हणून ती विचारत नाही. तिचं लग्न करून दिलं, तिला दिलं तेवढं दिलं, असं बाप म्हणतो, भाऊ म्हणतो, आणि तिची स्वतःची सासूही म्हणते, जिने तिच्या वेळी असाच कागद करून दिलेला असतो. लग्नात खर्च कशावर झाला? मांडवावर, जेवणावळीवर, सासरच्यांच्या मानपानावर. त्यातलं तिच्या हातात काय उरलं? बापाची प्रतिष्ठा राखायला उधळलेला पैसा मुलीच्या नावे खर्ची टाकायचा आणि त्या बदल्यात तिची जमीन घ्यायची, हा व्यवहार आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो आहोत.

सीमेपलीकडे गोव्यात बापाला एवढं मोकळं रान नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात आणि त्याच्या आधारावर झालेल्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात, मुलं असतील तर माणसाला आपल्या मालमत्तेच्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. उरलेला निम्मा हिस्सा मुलगे-मुलींसाठी राखलेला असतो आणि ठरावीक गंभीर कारणांशिवाय तो हिरावता येत नाही. मृत्युपत्र होतं तेही नोटरीच्या नोंदवहीत, त्याच्यासमोर. तिथेही बहिणींकडून हक्क सोडून घेतले जातातच. समाज तिथलाही काही वेगळा नाही. पण निदान मेलेल्या बापाच्या एका कागदाने मुलगी पूर्ण पुसली जात नाही. आपल्या विधिमंडळाला आणि संसदेला हे सुचू नये, सुचलं तरी परवडू नये, याचं कारण तिथे बसणारेही कोणाचे तरी भाऊ आणि बाप आहेत.

मृत्युपत्राचा अधिकारच काढून घ्या, असं मी म्हणत नाही. तो अधिकार कशासाठी वापरता येतो हे याच महाराष्ट्रात एका माणसाने दाखवून दिलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८७ साली आपलं मृत्युपत्र करून ठेवलं. अर्धांगाचा झटका आला तो त्यानंतर, १८८८ मध्ये. म्हणजे हात धड असताना, डोकं ठिकाणावर असताना, उघडपणे केलेलं ते काम होतं. सावित्रीबाईंची आणि यशवंतची सोय त्यांनी त्यात लावली. यशवंत त्यांच्या रक्ताचा नव्हता. समाजाने टाकलेल्या एका विधवेचं ते मूल, या जोडप्याने आपलं म्हणून वाढवलेलं. कागद नसता तर भाऊबंदांनी त्या मुलाला उंबऱ्याआत ठेवलं असतं का? १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत यशवंतने टिटवं (प्रेतापुढे न्यायचं मडकं) धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. ज्याला समाज बाहेर काढील त्याला आत घेण्यासाठी जोतीरावांनी मृत्युपत्र वापरलं. आपण ते घरातल्या मुलीला बाहेर काढण्यासाठी वापरतो, आणि वर फुल्यांच्या तसबिरीला हार घालतो.

या वादांत जाणारं आयुष्य हा आणखी एक भाग. कोल्हापूरचे सरदार बाबा महाराज यांनी पुण्यात १८९७ मध्ये मृत्युपत्र करून लोकमान्य टिळकांसह काही विश्वासू मंडळींना कारभारी नेमलं. त्यातून दत्तकाचा वाद उठला, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाने दिलेली मान्यता, रद्द झालं, टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला, शिक्षा झाली, ती १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागायला १९१५ उजाडलं. टिळकांच्या त्या छळाबद्दल खूप लिहिलं गेलं, ते योग्यच. पण जिच्या मांडीवर दत्तक द्यायचा म्हणून सगळे भांडत होते, ती बाबा महाराजांची पत्नी ताई महाराज कोवळ्या वयात विधवा झालेली पोर होती आणि निकाल ऐकायला ती उरली नाही. तिला काय हवं होतं, हे कारभाऱ्यांनी, नातलगांनी, सरकारने आपापल्या सोयीने सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत आपले कागद बाईच्या नावाने बोलतात आणि बाई आतल्या खोलीत असते.

मला काही मागायचं आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही मागितली तर आतल्या खोलीत जा. घरच्यांना बाहेर थांबायला सांगा. त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारा, कागद त्याला वाचून दाखवा, त्याच्या तोंडून ‘हो’ ऐका, आणि त्याने हाताने सही केलेली पाहा. सही करता येणाऱ्याचा अंगठा घेतला जात असेल तर का, ते विचारा. यातलं एकही होऊ देत नसतील तर उठून या आणि ज्यांच्याबद्दल कागदात काही नाही त्या मुलीला त्याच दिवशी फोन करा. फेरफाराची नोटीस निघाली की ठरलेल्या मुदतीत तलाठ्याकडे हरकत नोंदवता येते, आणि फेरफार झाला तरी त्याने मालकी ठरत नाही, हे तिला कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा. वडीलधाऱ्यांनो, कागद करायचाच असेल तर पाय चालतात तोवर करा, मुलींना आणि सुनांना समोर बसवून वाचून दाखवा, आणि कोणाला कमी देत असाल तर का ते त्यातच लिहा. मृत्युपत्र पाकिटात बंद करून नोंदणी अधिकाऱ्याकडे ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. कोणाच्याही कपाटावर विसंबून राहावं लागत नाही.

आणि ज्यांनी आधीच सही केली आहे, ओसरीवर बसून, न वाचता, त्यांच्यापैकी अनेकांचे दावे आज राज्यातल्या न्यायालयांत चालू आहेत. त्यांची पाळी यायची आहे. सही मागणारा घरी येऊन जाईल, काय बोलायचं ते पढवील, जुन्या उपकारांची आठवण देईल. त्यांनी पिंजऱ्यात उभं राहून वकिलाचा प्रश्न पुरता ऐकून घ्यावा आणि सांगावं: दार लोटलेलं होतं, मी पाहिलं नाही.